तेलाचे दोन थेंब आणि एक सैल स्क्रू

एप्रिलमध्ये दहा मीटरवर पाच छर्रे आठ आण्यांच्या नाण्याखाली झाकले जायचे. ऑगस्टमध्ये तेच पाच आमटीच्या वाटीएवढे पसरले. एअर रायफल तीच : .177 म्हणजे 4.5 मिमीची, स्प्रिंगची, बॅरल बिजागरीपाशी मोडून भरायची. मधल्या काळात ती फोमच्या केसमध्ये बंद होती, आणि चिपळूणच्या पावसात फोम म्हणजे पाणी प्यायलेला स्पंज. केस उघडली तर बॅरलवर माझ्याच बोटांचे तांबूस ठसे. शेवटच्या दिवशी घाम न पुसता ठेवल्याचा पुरावा.

पहिला रविवार. सगळा दोष बॅरलमधल्या घाणीवर ढकलला आणि आईच्या शिवणयंत्राचं तेल उचललं. ब्रीचमागे (ब्रीच म्हणजे छर्रा भरायचं बॅरलचं मागचं तोंड) हवा यायचं जे भोक असतं त्यात दोन थेंब सोडले. पहिल्याच बाराला सुतळी बॉम्बसारखा आवाज, ब्रीचमधून निळसर धूर, जळक्या तेलाचा वास, आणि छर्रा निशाणाच्या कार्डाच्या वरच्या कडेला. (क्षणभर भारी वाटलं, खोटं कशाला बोलू!) स्प्रिंगच्या जोराने पिस्टन झपकन पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाऊन इतकी तापते की तिथलं तेल पेट घेतं, अगदी डिझेल इंजिनासारखं. त्यात सील आणि स्प्रिंग दोन्ही मार खातात. बाहेरच्या लोखंडावर तेलाचा हात फिरवा, त्या भोकात मात्र नको.

दुसरा रविवार. आता नीट सफाई. छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवले आणि बॅरल कॉक होणार नाही, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकणार नाही, इतपतच मोडून आतून उजेड दिसतो का पाहिलं. कॉक झालेली रायफल हातात असेल तर एक हात बॅरलवर घट्ट हवाच. ट्रिगर सुटला तर ती अडकित्त्यासारखी मिटते आणि सुपारी म्हणजे आपलं बोट.

गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी दुमडून तिच्या फासात जुन्या बनियनची पट्टी अडकवली आणि ब्रीचकडून मझलकडे, म्हणजे पुढच्या तोंडाकडे, ओढली. ओढायची ती याच दिशेने, कारण मझलची कड हा छर्र्याचा शेवटचा स्पर्श; तिला ओरखडा गेला की नेम गेला. पहिली पट्टी पाटीवरची पेन्सिल पुसल्यासारखी करडी निघाली, सहावी बरीच फिकट. तिथे थांबलो. पार लख्ख केलेल्या बॅरलमधून पहिले वीसेक छर्रे भलतीकडेच जातात, शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत. फेल्टचे सफाई-छर्रे झाडायचे टाळले : ते इतके हलके की स्प्रिंगच्या रायफलला तो रिकामा बारच, पिस्टन थेट आदळतो. पट्ट्यांवर शिसं असतं, म्हणून टेबलावर चहा नाही, पट्ट्या पिशवीत बांधून टाकल्या, हात साबणाने धुतले.

पंचवीस बार करून मग पाच मोजले. वाटी ती वाटीच.

तिसरा रविवार. दस्ता धरून बॅरल हलवली तर किंचित 'कट्' आवाज. दस्त्याचा पुढचा उजवा स्क्रू जवळजवळ अर्धा फेरा फिरला! स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, त्यात स्क्रू सुटतात, हे मी दुसऱ्यांना सांगत फिरतो. सगळे आवळले, पण लाकूड चेपेल इतके नाहीत. पुढचे पाच छर्रे नाण्याच्या आत; एक जेमतेम कडेला.

ब्रीचच्या सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून बार केला तर ती थोडी उडते, म्हणजे सीलमधून हवा निसटतेय. सीलची ती रिंग बदलेन. स्प्रिंग मात्र घरी उघडणार नाही. ती आत दाबूनच बसवलेली असते, योग्य कॉम्प्रेसरशिवाय सोडली तर टोपण तोंडावर येईल.

सध्या रायफल जुन्या सुती लुंगीत गुंडाळून कपाटात, कुलूप लावून. छर्रे वेगळ्या खणात, तिथली किल्ली बायकोकडे. फोमची केस गच्चीवर वाळतेय, ऊन पडेल तेव्हा.