स्प्रिंग कापू नका बावा, आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन) बघा

आमच्या इकडं वणी-यवतमाळकडची पोरं गाडी ट्रॅकसारखी करायची म्हटलं का पहिले स्प्रिंगच कापतात. कायले? गाडी खाली बसते, पण डॅम्परला (शॉक अॅब्सॉर्बरला) हलायला जागा उरत नाही, मग खड्ड्यात बंप स्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरावर) धाडकन आपटते अन् टायर रस्ता सोडतो, ग्रिप तिथंच गेली.

स्विफ्टसारख्या गाडीत खरी बोंब अंडरस्टिअरची, स्टेअरिंग फिरवलं तरी नाक बाहेरच पळते. पुढं स्ट्रट (स्प्रिंग अन् डॅम्परचा एकत्र खांब) आहे, तर कॅम्बर बोल्ट (चाकाचा झुकाव बदलणारा बोल्ट) टाकून थोडा निगेटिव्ह कॅम्बर घ्या, चाकाचा वरचा भाग आत झुकला का वळणात बॉडी कलंडल्यावर टायर जास्त सपाट बसतो. पण मग टो (वरून पाहिलं तर चाकं आत का बाहेर वळलेली, तो कोन) परत सेट कराच, नाहीतर आतल्या काठाचं रबर भसाभस जाते. मागं जाडा अँटी-रोल बार (बॉडी कलंडणं कमी करणारा दांडा) टाकला तर नाक अजून आत येते, फक्त पावसात मागची बाजू सुटू शकते हे ध्यानात ठेवा.

अन् फुकटातलं काम म्हणजे हवा! टायरच्या खांद्यावर (रस्त्याला टेकणारा भाग जिथं बाजूला वळतो तिथं) खडूची रेघ ओढा, जोरात चार वळणं घ्या (ट्रॅकवर, कापसाच्या गाड्या चालतात त्या रोडवर नाही), उतरून बघा. रेघ खांद्याच्या पार खालपर्यंत पुसली तर टायर दुमडतोय, हवा दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढवा. या ट्रॅकच्या चाचणीत प्रेशर मात्र टायर गरम असतानाच मोजा.