लिमातील टेस्टिंग मेन्यू आणि शाकाहाराची नोंद : माझा अनुभव

पेरूची राजधानी लिमा येथे एखाद्या नामांकित रेस्टॉरंटमध्ये जेवायचे असेल तर टेबल मिळणे कठीण असते, असे ज्याने त्याने मला सांगितले होते. टेबल मिळाले. कठीण गेले ते आपण काय खात नाही एवढी साधी माहिती तिथल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवणे. आम्ही चौघे होतो. माझे पती आणि मुलगा सर्व काही खातात. सासूबाई आणि मी पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. आमच्यासारखी सरमिसळ बहुतेक मराठी कुटुंबांत असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गास्तोन आकुरिओ आणि आस्त्रिद गुत्शे या आचाऱ्यांनी 1994 साली ‘आस्त्रिद इ गास्तोन’ हे रेस्टॉरंट सुरू केले, त्यानंतरच्या तीन दशकांत लिमा हे खाद्यप्रेमींचे तीर्थक्षेत्र झाले आहे. जगातील सर्वोत्तम पन्नास रेस्टॉरंटांच्या यादीत 2023 साली तिथले ‘सेंट्राल’ पहिले आले आणि 2025 साली ‘माइदो’. आम्ही गेलो ते या तिन्हींपैकी नव्हे. पण पद्धत तीच, म्हणजे ठरलेल्या पदार्थांची लांबलचक मालिका (टेस्टिंग मेन्यू), टेबल काही महिने आधी आरक्षित करणे आणि पूर्ण रक्कम आगाऊ भरणे.

आरक्षणाच्या फॉर्ममध्ये ग्लूटेन, दूध, शेंगदाणे, कोळंबी-शिंपले अशा अ‍ॅलर्जींचे रकाने होते आणि ‘शाकाहारी’ असाही एक रकाना होता, परंतु तो संपूर्ण टेबलासाठी एकच होता. त्यात खूण केली तर चौघेही शाकाहारी ठरत होतो आणि न केली तर कोणीच नाही. खाली ‘इतर सूचना’ लिहायला जागा होती. ती इतकी अपुरी की ‘दोघे शाकाहारी, दोघे नाहीत, अंडे नको’ एवढे लिहीपर्यंत भरून गेली. त्याच पानावर, भरलेली रक्कम परत मिळणार नाही, ही अट मात्र ठळक अक्षरांत होती. ज्या जागी माणशी इतके पैसे आधी घेतले जातात, तिथे प्रत्येक पाहुण्याचा आहार वेगळा विचारण्याची सोय नसावी, हे मला आजही पटत नाही.

मग ई-मेल सुरू झाले. लिमाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तिथले कार्यालय सकाळी दहाला उघडते तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्यामुळे प्रत्येक उत्तर आम्ही झोपेत असताना येई आणि त्यावरचा आमचा प्रश्न त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी वाचला जाई. पहिले उत्तर यंत्राने पाठवलेले होते. पुढच्यात ‘आपली विनंती शक्य तितकी मान्य करू’ असे मोघम आश्वासन होते. त्यानंतर वेगळ्याच व्यक्तीने ‘मासे चालतील का?’ असे विचारले, आणि तिला उत्तर दिल्यावर तिसऱ्याच व्यक्तीने पुन्हा पहिल्यापासून चौकशी केली.

ही सगळी काटेकोर चौकशी मी उगाच करत नव्हते. पेरूच्या किनारी स्वयंपाकाचा पायाच समुद्र आहे. सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, त्यातला ‘लेचे दे तिग्रे’ हा आंबट-तिखट रस माशाच्या अर्काशिवाय सहसा होत नाही, वरवर भाजीच्या दिसणाऱ्या सॉसमध्येही माशाचा किंवा हाडांचा काढा असू शकतो आणि ‘पिस्को सावर’ या प्रसिद्ध पेयावरचा फेस अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा असतो. ‘मांस नको’ असे म्हटल्याने ताटातला मांसाचा तुकडा जातो, खालचा रस्सा जात नाही. म्हणून शेवटी मी भाच्याकडून स्पॅनिशमध्ये एक यादीच लिहून घेतली. तो ही भाषा शिकतो. मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-शिंपले, अंडे, डुकराची चरबी, माशाचा काढा आणि मांसाचा काढा यांतले काहीही दोन ताटांत नको, बाकीची दोन ताटे नेहमीची, असे तिच्यात एकेक ओळीत मांडले होते. त्यावर मात्र स्वच्छ उत्तर आले : दोन पूर्ण शाकाहारी मेन्यू, अंड्याशिवाय, आमच्या आरक्षण क्रमांकासह. मी ते छापून पर्समध्ये ठेवले.

ज्या संध्याकाळी आम्ही पोहोचलो, त्या संध्याकाळी दारातल्या मुलीच्या टॅब्लेटवर ‘चार व्यक्ती, अ‍ॅलर्जी नाही’ एवढीच नोंद होती. आम्हाला बाजूच्या बैठकीत बसवले गेले. व्यवस्थापक आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले की, दोन ताटांतला मासा काढून त्याजागी भाजी ठेवता येईल, पण सॉस आधीच तयार आहेत. सासूबाईंची जेवणाची वेळ केव्हाच टळली होती. त्या काही बोलल्या नाहीत, पण ‘मला नुसता भात मिळाला तरी चालेल’ असे त्यांनी हळूच म्हटले तेव्हा माझा संयम सुटू लागला. इतक्या दुरून, इतके पैसे मोजून आणलेल्या वडीलधाऱ्या माणसाला नुसता भात का म्हणून खावा लागावा? मी आवाज न चढवता तो छापील कागद व्यवस्थापकांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, आत नेला, आणि बऱ्याच वेळाने मुख्य आचारी स्वतः बाहेर आल्या. कार्यालयाकडून हा निरोप स्वयंपाकघरात आलाच नव्हता, असे त्यांनी सरळ सांगितले, माफी मागितली आणि आमच्या दोन ताटांसाठी वेगळे काढे-सॉस करायला लावले. तो कागद जवळ ठेवल्याचा मला अभिमान आहे. त्या आचारी बाईंबद्दलचा आदर त्याहून मोठा आहे. राग आहे तो फक्त मधल्या कार्यालयावर.

जेवण उत्कृष्ट होते. अँडीज पर्वतात बटाट्याच्या हजारो जाती आहेत, आणि आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्रही 1971 पासून लिमातच आहे. त्यामुळे शाकाहाऱ्याला तिथे वाव किती आहे हे ताट समोर आल्यावर कळते. पिवळ्या बटाट्याचा लगदा, ‘आही आमारियो’ ही मिरची आणि लिंबू यांचा थर दिलेला ‘काउसा’ एरवी कोंबडी किंवा ट्यूना भरून येतो. आमच्यासाठी त्यात अ‍ॅव्होकाडो होता. ‘चुन्यो’ही होता. उंच पठारावर रात्रीच्या कडाक्यात गोठवून, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढून वाळवलेला हा बटाटा वर्षानुवर्षे टिकतो. त्याची मातकट चव मला फार आवडली, मुलाला अजिबात नाही. ओका, ओयुको ही कंदमुळेही पहिल्यांदाच खाल्ली. एका पदार्थावर ‘किविचा’च्या लाह्या भुरभुरल्या होत्या. सासूबाईंनी एक दाणा चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर राजगिरा!” बरोबरच होते, दोन्ही एकाच कुळातले. त्यानंतर त्यांनी जांभळ्या मक्याची, दालचिनी-लवंग घातलेली ‘चिचा मोरादा’ (एक पेय) दोनदा मागून घेतली.

पैशांबद्दल आधी लिहायला हवे होते. भारतात 2020 पासून नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून आपण स्वतः चालू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते, नाहीतर टेबल हाती असताना व्यवहार नाकारला जातो. पैसे भरण्यापूर्वीच आहाराचे लेखी उत्तर मिळवावे, कारण पैसे गेल्यावर कार्यालयाची घाई संपते. चौघांना एकच मेन्यू घेण्याची सक्ती आहे का, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारावे. ज्यांना मासे खायचे आहेत त्यांनी सेविचे दुपारीच खावे. लिमात ते दुपारचे जेवण मानतात आणि सेविचे देणारी बरीच रेस्टॉरंटे (‘सेविचेरिया’) संध्याकाळी बंद असतात. वृद्ध माणूस बरोबर असेल तर सायंकाळचे पहिले टेबल घ्यावे आणि तरीही त्यांना आधी थोडे खायला घालून न्यावे. शिवाय लिमाची वाहतूक पाहता टॅक्सी बरीच लवकर बोलवावी. पोहोचल्यावर बसण्यापूर्वीच, दारातच, कागद दाखवून स्वयंपाकघरातून होकार आणायला सांगावे. आणि यादीत अंड्याची ओळ विसरू नये, कारण शाकाहारी म्हटल्यावर अंडे वर्ज्य असेल असे तिथे कोणी गृहीत धरत नाही.