बॅगेला व्हीलचेअर नव्हती

रात्रीचे साडेअकरा. आई मस्त घोरतेय, मला झोप नाही, अंगात कालचाच टॉप आहे कारण दुसरा नाहीच, म्हणून म्हटलं लिहून तरी काढू.

सुरुवात निळ्या फोल्डरपासून करावी लागेल. आमचा विमानप्रवास ठरला तेव्हापासून मी त्या फोल्डरची पूजाच मांडली होती. तिकिटाच्या प्रिंट, इन्शुरन्स, आईच्या गोळ्यांची यादी आणि सगळ्यात वर डॉक्टरांचं पत्र, की यांच्या दोन्ही गुडघ्यांत धातूचे सांधे बसवलेत. त्या पत्रासाठी दोन चकरा मारल्या मी. आई म्हणाली, "कशाला गं? गुडघे काय चोरून नेतेय का मी?" म्हटलं तू गप्प बस, एअरपोर्टवर कागद लागतो.

व्हीलचेअरचं वेगळंच. ती नकोच म्हणत होती, "मी काय पांगळी झालेय का" वगैरे, आणि मी गुपचूप तिकीट काढतानाच टाकून ठेवली. तिकिटावर डब्ल्यूसीएचआर आलं. या कोडमध्ये पण प्रकार असतात, आर म्हणजे रॅम्प, माणूस जिने चढू शकतो, सीटपर्यंत चालू शकतो, फक्त लांबचं अंतर जमत नाही. एस असेल तर जिने पण जमत नाहीत, सी असेल तर थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा जरा शांत झाली. "म्हणजे मी पहिल्या नंबरातली," म्हणाली. हो, पास झालीस!

चेक-इनला काऊंटरवरच्या मुलीने विचारलं, बॅगेत पॉवरबँक, लायटर, सुटी बॅटरी काही? मी न ऐकताच नाही म्हणून टाकलं. आपण सगळेच टाकतो. बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या, मी आईला पाणी देतेय तोवर माझ्या नावाचा पुकारा. बाजूच्या खोलीत गेले तर माझी बॅग टेबलावर आणि स्क्रीनवर तिच्या पोटाचा फोटो, मधोमध एक काळा चौकोन. पॉवरबँक. स्वतःच्या हाताने चार्ज करून स्वतःच्या हाताने खाली ठेवलेला. सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाही कारण ती पेटली तर तिथं विझवायला कोणी नसतं, वर केबिनमध्ये निदान क्रू तरी असतो. हे मला माहीत होतं हो, हाच तर वैताग. तिथल्या माणसाने डब्यावरचा आकडा वाचला, 20000 एमएएच. त्याला 3.7 व्होल्टने गुणायचं, हजाराने भागायचं, 74 वॅट-अवर आले, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज. 100 पर्यंत हातातल्या बॅगेत चालतो, म्हणून परत दिला. मी बॅग उघडली, हातातलं सगळं कपड्यांवर ठेवलं, पॉवरबँक उपसून काढला, चेन लावली, धावत आईकडे. ही धावपळ लक्षात ठेवा.

सिक्युरिटीला नेहमीचा तमाशा. बेल्ट काढा, लॅपटॉप काढा, बूट काढा, म्हणजे कुठे काढायचे असतात कुठे नसतात, बॅगेचं आतलं सगळ्या बाजूंनी दाखवणारे नवीन सीटी स्कॅनर बसवलेत तिथं लॅपटॉप आतच राहू देतात, त्यामुळे मागच्या वेळचं शहाणपण पुढच्या वेळी उपयोगाचं नाही. बुटांचं 2001 च्या डिसेंबरपासून, तेव्हा एकजण बुटात स्फोटकं घेऊन विमानात बसला होता. हातातल्या बॅगेत 100 मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली नको, हे 2006 पासून, ऑगस्टमध्ये बाटल्यांतून द्रव स्फोटकं न्यायचा कट पकडला गेला त्यानंतर. माझ्या बाटलीत बोटभर क्रीम उरलं होतं पण बाटली 150 ची, गेली डब्यात. बाटलीवर काय छापलंय ते बघतात, आत किती उरलंय ते नाही. आईचं खोकल्याचं औषध मात्र सोडलं, औषधाला सूट असते.

आणि मग आई चौकटीतून गेली आणि मशीन वाजलं. मी ऐटीत म्हटलं थांबा, पत्र आहे. बॅगेत हात घातला. फोल्डर नाही. दुसऱ्या कप्प्यात नाही. लॅपटॉपच्या मागे नाही. मागची लाईन सुस्कारे टाकतेय, माझा एक बूट ट्रेमध्ये एक हातात, आणि मला आठवलं की कपड्यांवर ठेवलेलं "हातातलं सगळं" म्हणजे काय होतं ते. फोल्डर आता चेक-इन बॅगेत, विमानाच्या दिशेने.

तपासणाऱ्या बाई शांत होत्या. आईला पडद्याआड नेलं, गुडघ्यांवरून हात फिरवला, तळहातावर कापडाची पट्टी घासून मशीनला लावली, झालं, दोन मिनिटं. मी पत्राचं सांगायला लागले तर त्या म्हणाल्या पत्र असलं तरी मशीन वाजलं की हाताने बघावंच लागतं. आई बाहेर आली ती पदर सारखा करत, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. न बघणं हे तिचं बोलणंच असतं.

विमानात खिडकी तिला दिली. तिने अर्ध्या तासात शोध लावला की खिडकीला खाली भोक आहे. "कुणाला तरी सांग," म्हणे. एअर होस्टेसला विचारलं तर ती हसली, हे मुद्दाम असतं. काचा एकापेक्षा जास्त असतात, मधल्या काचेला बारीक छिद्र ठेवतात म्हणजे दाबाचा भार बाहेरची काच घेते आणि मधे दमट वाफ साठून काच धुरकट होत नाही. आईने तरी अधूनमधून त्यावर बोट लावून बघितलं. उतरल्यावर तिची रिकामी पाण्याची बाटली चेपली गेली होती, वर असताना झाकण घट्ट लावलेलं ना. केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावा तेवढाच ठेवतात, खाली आलं की बाहेरची हवा बाटली दाबते. कान दुखतात ते पण त्याचमुळे. तिने ती चेपलेली बाटली फेकली नाही, पर्समध्ये ठेवली. का, माहीत नाही.

हां, आणि उतरताना खिडकीची झडप उघडायला लावतात त्याचा मला आधी राग यायचा, झोपेत ऊन डोळ्यांवर. पण घाईने बाहेर पडायची वेळ आलीच तर बाहेर कुठल्या बाजूला आग आहे ते दिसायला हवं आणि डोळ्यांना उजेडाची सवय हवी. रात्री दिवे मंद करतात ते पण म्हणूनच. विमानाचं मॉडेल पास करतानाच निम्मे दरवाजे बंद ठेवून 90 सेकंदांत सगळे बाहेर पडतात का ते बघतात. आमच्या रांगेतला माणूस तर वरच्या कप्प्यातली बॅग काढायलाच 90 सेकंद लावत होता.

पहिलं विमान 40 मिनिटं उशिरा. मधे विमान बदलायला होता सव्वा तास, म्हणजे उरले 35 मिनिटं, त्यात परत सिक्युरिटी आणि गेट पार दुसऱ्या टोकाला. माझ्या पोटात गोळा. दारातच व्हीलचेअरवाला उभा होता, वीस-बावीसचा पोरगा, त्याला आमची भाषा येत नव्हती, आईला त्याची येत नव्हती. त्याने गेट नंबर बघितला, घड्याळ बघितलं, आणि जो सुटला! कुठल्या तरी बंद दाराला कार्ड लावलं, लिफ्ट, एक लांब बोळ, क्रूची रांग, परत लिफ्ट, मी मागे धापा टाकत, आई पुढे राणीसारखी, पर्स मांडीवर. गेट बंद व्हायला चार मिनिटं असताना पोचलो. आईने त्याच्या गालाला हात लावला, तो लाजला. विमानात बसल्यावर म्हणाली, "बरी असते गं खुर्ची." मी काही बोलले नाही. फोन मेला होता, पॉवरबँक फुल होता आणि वायर, अर्थातच, बॅगेत.

उतरल्यावर इमिग्रेशन. बोटांचे ठसे. आईचे उमटेचनात. चार बोटं ठेवा, नाही, परत, नाही. अधिकाऱ्याने ओला टिश्यू दिला, पूस म्हणून खूण केली, परत नाही. आयुष्यभर भांडी घासून रेघा गेल्यात, असं ती मला मराठीत सांगत होती आणि सांगताना चेहरा असा की जणू तिचंच चुकलं. त्याने तिची बोटं स्वतः धरून काचेवर हलकेच दाबली, सहाव्यांदा हिरवा दिवा लागला. म्हातारपणी अनेकांचं असंच होतं म्हणे, कातडी झिजते.

मग पट्टा. आईची बॅग तिसरीच आली, हँडलला लाल लोकर. ही लोकर तिने घरी दोन्ही बॅगांना बांधली होती आणि मी माझ्या बॅगेची रात्री कात्रीने कापून टाकली होती, कसं दिसतं ते म्हणून. आता बघते तर पट्ट्यावर काळ्या ट्रॉली बॅगा, काळ्या, काळ्या, आणखी एक काळी. प्रत्येक वेळी पुढे होते, टॅग वाचते, मागे येते. मग पट्टा थांबला. तो थांबल्यावर जी शांतता होते ना, ती ज्याची बॅग आली नाही त्यालाच ऐकू येते.

काऊंटरवरच्या बाईने बोर्डिंग पासच्या मागचं स्टिकर मागितलं. दहा आकडी नंबर, पहिला आकडा सोडला तर पुढचे तीन विमान कंपनीचे आणि शेवटचे सहा बॅगेचे. तिने टाकला आणि लगेच सांगितलं, बॅग मधल्या एअरपोर्टवरच आहे, पोचली नाही. मी कुठे कुठे धावले त्याची नोंद कुठेच नाही, पण बॅग किती वाजता कुठल्या पट्ट्यावर होती ते सगळं तिच्याकडे. म्हणजे आम्हाला त्या पोराने खुर्चीवरून पळवलं, बॅगेला कोण पळवणार.

आणि एक उलटी गोष्ट आहे बघा. बॅग चढली आणि माणूस चढला नाही तर विमान थांबवून बॅग शोधून उतरवतात. 23 जून 1985 ला एअर इंडियाचं कनिष्क विमान पडलं, 329 माणसं गेली, तेव्हा बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. त्यानंतर माणूस आणि बॅग जुळवायचं काम कडक झालं. पण माणूस चढला आणि बॅग राहिली तर कोणी थांबत नाही. बरोबरच आहे, पण कालचाच टॉप घालून बसलं की बरोबर वाटत नाही एवढंच.

मग चित्रांचा तक्ता पुढे केला. यातली तुमची कुठली? रंगांच्या पट्ट्या, बॅगांची चित्रं, प्रत्येकाला नंबर. काळी. उभी. चाकं. काही खूण? मी गप्प. आई पण गप्प, फक्त स्वतःच्या बॅगेच्या लोकरीची गाठ घट्ट करत बसली.

रिपोर्टचा कागद घेतला. तो न घेता बाहेर पडायचं नाही, हे पक्कं. दात घासायचा ब्रश, कपडे असं काही घेतलं तर पावत्या ठेवा म्हणाली, आणि 21 दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरता येतं, आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999 च्या मॉन्ट्रियल कराराने तसं ठरलंय. 21 दिवस! मी आत्ताच हिशोब करतेय की आईचे कपडे मला कितपत येतील.

झोपते आता.

दोन दिवसांनी, म्हणजे आज. बॅग आली. रात्री पावणेदहाला बेल वाजली, सही केली. हँडलला नवा टॅग, त्यावर ठळक 'रश'. माझ्याशिवाय एकटी आली, अशा बॅगा परत तपासून मगच पाठवतात. एक चाक वाकडं झालंय, तक्रार सात दिवसांत लेखी द्यायची असते, देईन उद्या, आज नको.

आई पलंगावर बसून बघत होती. चेन उघडली, सगळ्यात वर निळा फोल्डर. उघडला, त्यात सगळ्यात वर डॉक्टरांचं पत्र, घडी पण मोडली नव्हती.

आईने ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि परत दिलं.

"चांगलं लिहिलंय," म्हणाली. "घे, दाखव आता कुणाला दाखवायचंय ते."