पणजोबांची 1903 ची मृत्यूनोंद : माझा अनुभव (फॉर्मवर "प्लेग" लिहू नका)

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. जुनी मृत्यूनोंद शोधायच्या अर्जात कारणाचा रकाना असेल तर तो मोकळा सोडा. मी मोठ्या हुशारीने तिथे "प्लेग" लिहिलं आणि चौदा महिने हेलपाटे घातले. दप्तराचं नाव घेत नाही, पुन्हा काम पडायचं तिथेच.

पणजोबा मुंबईत मांडवीला धान्याच्या वखारीत कारकून होते आणि प्लेगात गेले, एवढंच घरात माहीत. पणजी दीड वर्षाच्या आजोबांना कडेवर घेऊन बोटीने जयगडला उतरली आणि गावी गेली, मुंबईला पुन्हा म्हणून आली नाही. बाबांनी ऐंशी ओलांडल्यावर हट्ट धरला की त्यांच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा, एक तरी कागद बघायचाय. पुरावा म्हणाल तर एका पोथीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात "शके 1824 फाल्गुन व. 6, मुंबई मुक्कामी", बस.

इथे माझी पहिली चूक. शकात 78 मिळवले की इसवी सन, असं शाळेत घोकलेलं, म्हणून मार्च 1902 ची शोध फी भरून आलो. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणजे 79 मिळवायचे. मार्च 1903! हे एका पुरोहित काकांनी चहा पिता पिता सांगितलं आणि मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. तिथीवरून तारीख काढताना एखाद दिवस इकडेतिकडे होतोच, तेव्हा आगेमागे मिळून आठवडाभराच्या नोंदी मागा.

आता दप्तर. दुसरा अर्ज दिला, आवक नंबर मिळाला. पंधरा दिवसांनी गेलो तर टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, हे प्लेगचं आहे ना, मग ते आरोग्यकडे गेलं. आरोग्यकडे गेलो. तिथला माणूस सज्जन, पण तो म्हणाला आमच्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, प्लेग आमच्या यादीतच नाही हो. फाईल परत नोंदणीकडे. नोंदणीकडचे साहेब सुट्टीवर. साहेब आले तेव्हा फाईल "वर" गेली होती, वर म्हणजे कुठे ते शिपायालाही सांगता येईना. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळीत मी मिठाईचा बॉक्स नेला नाही याचा मला आजही अभिमान आहे पण कधी कधी वाटतं न्यायला हवा होता. जानेवारीत एकदाची फाईल डोळ्यांनी पाहिली. अर्जाला टाचणीने लावलेली टिपणी आणि तिच्यावर हिरव्या शाईत शेरा : "सदर रोगाचे स्वतंत्र रजिस्टर या कार्यालयात उपलब्ध नाही."

स्वतंत्र रजिस्टर मागितलं कोणी होतं! मी माणूस शोधत होतो, ते रोग शोधत होते. हे मी तिथे मोठ्याने बोललो, दोनचार माना वळल्या, मॅडम म्हणाल्या आवाज कमी करा.

घरी आत्याला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, अरे, पणजीने तो शब्द जन्मात तोंडातून काढला नाही, "गाठीचा ताप" म्हणायची, आणि तू सरकारी कागदावर लिहून आलास!

तिचं बरोबर होतं आणि मला ते आधी सुचायला हवं होतं, कारण तोवर मी बरंच वाचलं होतं. प्लेगची सुरुवातच मांडवीतून झाली, सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथे रोगी ओळखला. धान्याच्या वखारी, त्यात उंदीर, आणि वर माणसांनी भरलेल्या चाळी. मग 4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा, घरोघर झडत्या, रोगी निघाला की दाराजवळ भिंतीवर गोल आणि तारीख, सामान जाळायचं, कौलं उतरवायची, बाकीच्यांना छावणीत. पुण्यात याच जाचातून 22 जून 1897 चं रँड प्रकरण झालं, प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे सक्ती सैल केली, पण ज्याच्या बिऱ्हाडावर गोल काढला त्याला चाळीत तोंड दाखवायला जागा राहत नसे. म्हणून रोगी लपवायचे, आणि गेला की कारण भलतंच सांगायचे, साधा ताप, न्यूमोनिया, काहीही. आरोग्य खात्याला हे ठाऊक होतं. नुसते प्लेगचे आकडे धरून चालत नाही, तर आठवड्याचे एकूण मृत्यू मागच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा किती वाढले ते बघून ते खरा अंदाज बांधायचे. लपवलेला माणूस एकूण बेरजेत सापडतो.

(मधेच आठवलं म्हणून : तुमचा माणूस मुंबईतच वारला का, हे आधी पक्कं करा. लोक प्रचंड संख्येने गावी पळाले होते, 1891 ला शहरात आठ लाख 21 हजार माणसं आणि 1901 च्या जनगणनेत सात लाख 76 हजार. गावी गेलेला असेल तर नोंद गावाकडे शोधा, असलीच तर.)

शेवटी माहिती अधिकार टाकला. दहा रुपयांचा स्टॅम्प, आणि मजकुरात "माहिती द्या" असं न लिहिता "मार्च 1903 च्या मृत्यू रजिस्टरची प्रत्यक्ष पाहणी करू द्या" असं लिहिलं, रोगाचं नावच काढलं नाही. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. तिसाव्या दिवशी, अगदी तिसाव्याच, पत्र आलं.

रेकॉर्ड रूमला रिटायर व्हायला आलेला एक शिपाई होता. त्याने माझा जुना अर्ज बघितला आणि म्हणाला, अहो साहेब, रजिस्टर तारखेवारी लावलंय, कारण कशाला लिहिलंत? पाच मिनिटांत जुडगा काढून ठेवला. चौदा महिने आणि पाच मिनिटं! मास्क न्या, धूळ भयानक आहे, पेन आत नेऊ देत नाहीत तेव्हा पेन्सिल न्या, आणि पानं कोपऱ्याला धरून उलटू नका, बिस्किटासारखी मोडतात. खालून पंजा घालून उलटायची.

तिसऱ्या आठवड्यात सापडले. नाव वेड्यावाकड्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये, वय 26, धंदा कारकून, पत्ता मांडवी. आणि कारणाच्या रकान्यात, झोकदार तिरक्या अक्षरात, "रेमिटंट फीवर", म्हणजे कमीजास्त होत राहणारा ताप. प्लेग नाहीच. त्याच पानावर मांडवीचे असे तापाचे आणखी सात जण होते, मी मोजले.

पुढच्याच महिन्यात, एप्रिल 1903 मध्ये, विल्यम ग्लेन लिस्टन याच शहरातल्या एका चाळीत उंदीर पटापट मेल्यावर माणसांच्या अंगावरच्या पिसवा वेचून तपासत होते, त्यात उंदरांच्या पिसवा निघाल्या आणि रोग पसरतो कसा याचा धागा हाती लागला. पणजोबांना महिनाभर उशीर झाला असता तरी काही फरक पडला नसता म्हणा, औषध कुठे होतं.

चाळ शोधायच्या भानगडीत पडू नका, आम्ही बाबांना टॅक्सीने मांडवीत फिरवलं, त्यांना वखारींचा वास आवडला, बाकी काही कळलं नाही. साथ सुरू झाल्यावर 1898 मध्ये निघालेल्या सुधार ट्रस्टने त्या भागात चाळी पाडून रस्ते काढले, घर नंबर सगळे बदलले. प्लेगच्या सरकारी फायली बघायच्या असतील तर मात्र काळा घोड्याला पुराभिलेखागारात जा, तिथे मला कुणी ताटकळत ठेवलं नाही.

बाबांनी त्या पानाच्या झेरॉक्सला प्लास्टिक कव्हर घालून ते देवघरात ठेवलंय. तीन आठवड्यांनी पोस्टाने एक पाकीट आलं, माझ्या जुन्या अर्जाचा निकाल. सही, गोल शिक्का, जावक नंबर सगळं व्यवस्थित : अशी कोणतीही नोंद आढळून येत नाही. बाबा म्हणाले तेही ठेव. दोन्ही एकाच कव्हरात आहेत.