दांडिया बाजारातून पेन्सिल्व्हेनियाला गेलेलं माझं मत

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून २०२४च्या जुलैत बडोद्याला आले, ती पुढच्या फेब्रुवारीपर्यंत राहिले. नागरिकत्व अमेरिकेचं, नाव पेन्सिल्व्हेनियाच्या मतदारयादीत आणि निवडणूक ५ नोव्हेंबरला. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली आणि उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "भैरोंसिंह शेखावत नव्हते का, उपराष्ट्रपती असतानाच आपल्या प्रतिभाताईंसमोर उभे राहिलेले?" २००७ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक तिला लख्ख आठवते.

परदेशात असलेल्या मतदारांसाठी 'फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन' नावाचा अर्ज असतो. तो ऑगस्टमध्ये पाठवला. महिनाअखेरीस विश्वामित्रीला पूर आला आणि आमची वीज गेली. दिवे आल्यावर आधी मेल उघडून अर्ज मंजूर झालाय का ते पाहिलं. झाला होता.

मतपत्रिका ईमेलने येते, पण पेन्सिल्व्हेनियात भरलेली पत्रिका कागदावरच परत करावी लागते. सप्टेंबर सरता सरता रावपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. प्रिंट कडेला कापली जात होती. दुकानदार म्हणाला, "बेन, चालशे." मला नाही चालणार, म्हटलं. तिसऱ्या प्रतीत सगळे चौकोन पूर्ण उमटले.

घरी देवघराशेजारच्या टेबलावर बसून काळ्या पेनने चौकोन भरले. कोणाला मत दिलं ते आईलाही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि तारखेला हात सवयीने वळला: आधी दिवस, मग महिना. तिथे महिना आधी लागतो. एवढ्यावरून मत बाद व्हावं हे मनाला पटेना, म्हणून पुन्हा रावपुरा गाठला, नवा कागद काढला, नव्याने सही केली. हे मी परदेशात बसून मत देणाऱ्या प्रत्येकाला सांगते: तारीख दोनदा वाचा.

टपालाचा भरवसा न धरता कुरिअर केलं. पैसे बरेच गेले, पण पत्रिका ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच पोचली.

हॅरिस हरल्या. ६ जानेवारीला संसदेत मतमोजणीच्या अध्यक्षस्थानी, उपराष्ट्राध्यक्ष म्हणून, त्याच होत्या. इथे मध्यरात्र होत आली होती, तरी आई उशीला टेकून जागी होती. पेन्सिल्व्हेनियाच्या वाट्याची १९ इलेक्टोरल मतं (तिथे राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या अशा मतांवर) ट्रम्प यांच्या नावावर वाचली गेली. शेवटी हॅरिस यांनी स्वतःच आकडे जाहीर केले: ट्रम्प ३१२, हॅरिस २२६.

"शेखावतांनी निकालाच्याच दिवशी राजीनामा दिला होता," आई म्हणाली. "हिला मात्र स्वतःच वाचून दाखवावं लागलं गं."