सायबेरियाच्या उतारावरचे खड्डे

पश्चिम ऑस्ट्रेलियात सायबेरिया नावाची एक जागा आहे. कॅलगुर्लीच्या वायव्येला, ओरा बांडा नावाच्या वस्तीच्या पुढे. १८९३ सालच्या ऑक्टोबरात इथे सोनं सापडल्याची बातमी कूलगार्डी या सोन्याच्या गावी पोचली आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर माणसं निघाली. कुणी हातगाडी ढकलत, कुणी नुसती वळकटी पाठीवर टाकून. वाटेत पाणी नव्हतं. कित्येकजण तहानेने रस्त्यातच मेले. शेवटी सरकारला उंटांवरून पाणी पाठवावं लागलं. या मुलखात उंट हाकणारे बरेचसे आपल्याच उपखंडातले होते, बलुचिस्तान, पंजाब, सिंधमधले. तिथल्या लोकांनी त्या सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं.

मी या भागात सोन्याच्या शोधावर काम करणारी भूवैज्ञानिक आहे. त्याआधी कर्नाटकात हट्टीच्या सोन्याच्या खाणीत होते. हट्टीला ज्याने काम केलं त्याला जुन्या खोदकामाबद्दल आदर शिकवावा लागत नाही. तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आगीने दगड तापवून फोडत दोनशे मीटरच्या आसपास खोली गाठली होती, आणि आजची खाण त्यांच्याच खुणांच्या मागे गेली. म्हणून सायबेरियाच्या परिसरातली जुनी खोदकामं नकाशावर आणायचं काम निघालं तेव्हा मी ते मागून घेतलं.

आम्ही तिघं होतो. मी, कॅलगुर्लीच्या स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकणारा भंडाऱ्याकडचा एक मुलगा, जो सुट्टीत आमच्याकडे कामाला आला होता, आणि सत्तरी ओलांडलेला एक स्थानिक सोनंशोध्या. त्याला या भागातली प्रत्येक वाट पाठ. कंपनी त्याला दिवसाच्या मजुरीवर बोलावते. मुलगा मला ताई म्हणतो आणि आमच्या आपसांतल्या बोलण्यात त्या म्हाताऱ्याला आजोबा. पुढे मीही आजोबाच म्हणायला लागले.

पहाटे निघालो. गाडी मागे उघडा ट्रे असलेली लँडक्रूझर, दोन जादा चाकं, पाण्याचे कॅन, सॅटेलाइट फोन, आणि कुठल्या वेळी कुठून फोन करणार याचा कागद ऑफिसात ठेवलेला. ठरल्या वेळी फोन आला नाही तर शोधाशोध सुरू होते. ब्रॉड ॲरोपर्यंत डांबरी रस्ता, मग लाल मातीचा. ओरा बांडा मागे पडलं आणि मुख्य रस्ता सोडून आम्ही जुन्या वाटेला लागलो. चारही चाकांना जोर देणारा गिअर टाकला, पुढे वाळू लागली तेव्हा टायरांतली हवा कमी केली. इथे वाळूपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे मलगाचे बुंधे. मलगा आपल्या बाभळीच्या जवळचं झाड. त्याचा वाळका, तुटका खुंट टायरच्या कडेत घुसला की ते टायर दुरुस्त होत नाही, फेकावंच लागतं. त्या दिवशी एक गेलं. चाक बदलताना आजोबांनी गाडीखाली वाकून सायलेन्सरभोवती अडकलेलं वाळलं गवत काढून टाकलं. गरम पाइपाला ते चिकटून राहिलं तर गाडी पेट घेते. अशा जळालेल्या गाड्यांचे सांगाडे या वाटांवर दिसतात.

जुन्या खोदकामाच्या शेवटच्या टप्प्यात मी गाडी नेत नाही. एकजण पुढे चालतो, मग गाडी. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने जुन्या खाणकामाच्या लाखाहून जास्त खुणा नोंदवल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ उभ्या खाणविहिरींना ना कठडा ना झाकण. लाकडी आधार वाळवीने खाल्लेला, कडा आतून पोखरलेली. माणूस काठावर उभा राहून आत डोकावतो आणि काठासकट खाली जातो. आजोबांनी मुलाला सांगितलं, “भोक दिसलं की लांबूनच फेरी मार. आत काय आहे ते बाहेरच्या ढिगाऱ्यावर लिहिलेलं असतं.” ते खरंच आहे. ढिगाऱ्यातला दगड बघितला की माणूस किती खोल गेला, शीर (खडकातला सोन्याचा पट्टा) लागली का, पाणी लागलं का, सगळं कळतं.

पहिले दोन तास आम्ही सपाटीवरची खोदकामं टिपली. तिथे कोरड्या हवेने माती उडवून सोनं वेगळं करायचे. एका थाळीतून दुसऱ्या थाळीत, उंचावरून माती ओतायची. खळ्यावर धान्य उफणतात तसंच. हलकी धूळ वाऱ्याने जाते, जड ते खाली. पुढे भात्याची यंत्रं आली, पण कारण तेच, पाणी नाही. उंटांनी आणलेलं पाणी माणसाला पुरेना, तर माती कशाने धुणार? जमिनीखालचं पाणी समुद्राहून खारट. ते उकळून, वाफ थंड करून पिण्याजोगं करायचे आणि विकायचे. पर्थजवळच्या मंडारिंगहून पाचशे किलोमीटरवर नळाचं पाणी कॅलगुर्लीला आलं ते १९०३च्या जानेवारीत. ती योजना आखणारा अभियंता सी. वाय. ओ’कॉनर त्याआधी दहा महिने, टीकेने खचून, आत्महत्या करून गेला होता.

त्याहून जुनी व्यवस्था इथल्या मूळ रहिवाशांची. कातळातल्या नैसर्गिक खळग्यांत पावसाचं पाणी साठायचं, त्यावर ते चपटा दगड झाकत, म्हणजे वाफ होत नाही आणि जनावर तोंड घालत नाही. सोनं शोधणारे त्यांच्या माहितीवर जगले आणि त्यांचेच खळगे उंटाघोड्यांना पाजून रिकामे केले. त्या काळाच्या धाडसाच्या गोष्टी सांगताना हे गाळलं जातं. गाळू नये.

दुपारच्या आधी आम्ही पूर्वेच्या उतारावर चढायला लागलो. माझ्या जुन्या नकाशात तिथे काहीच नव्हतं. मुलगा मागून म्हणाला, “ताई, हे खड्डे रांगेत आहेत का?”

गुडघाभर खोल, अर्धे मातीने भरलेले, प्रत्येकाच्या खालच्या अंगाला मूठभर दगडांचा ढीग. वाटेत अशी शेकडो भोकं दिसतात, म्हणून मीही आधी पुढे गेले होते. परत येऊन पावलं मोजली. उताराला आडवी एक लांब ओळ, खड्ड्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं. तिच्या वर दुसरी ओळ, आखूड. तिच्या वर तिसरी, आणखी आखूड, आणि तिचे खड्डे एकमेकांच्या जवळ. जीपीएसवर एकेक बिंदू टाकत गेलो आणि पडद्यावर वर निमुळता होत जाणारा त्रिकोण उभा राहिला.

आजोबा खाली बसले. टोपी काढली. म्हणाले, “हा माणूस माती वाचत होता.”

या कामाला इथे लोमिंग म्हणतात. सोन्याची शीर वर कुठेतरी उघडी असते, झिजते, तिचे कण उतारावरून खाली पंख्यासारखे पसरतात. खाली आडव्या ओळीत ठरावीक अंतरावर माती घ्यायची, प्रत्येक नमुना वेगळ्या पिशवीत. पिशव्या पाठीवर वाहून पाण्यापाशी न्यायच्या, एकाच टबातलं पाणी पुन्हापुन्हा वापरत धुवायच्या, कण मोजायचे. ज्या खड्ड्यांत कण निघाले त्यांच्या वर पुढची ओळ. मग अजून वर. पंखा अरुंद होत जातो आणि शेवटी मुळाशी पोचतो. आज आम्ही मातीच्या नमुन्यांची जाळी आखतो, प्रयोगशाळेत अब्जांश भागांत सोनं मोजतो, संगणकावर रंगीत नकाशा काढतो. तर्क तोच आहे. त्या माणसाकडे फावडं होतं आणि पाणी जवळजवळ नव्हतं.

मधल्या ओळीजवळ जांभळ्या काचेचा तुकडा पडला होता. त्या काळी काच स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालायचे. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात पडली की जांभळी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती पद्धत मागे पडली. म्हणजे बाटली तरी त्याआधीची. तुकड्याचा फोटो घेतला, जागा टिपली, तुकडा तिथेच ठेवला.

खरा प्रश्न सगळ्यांत वरच्या ओळीच्या पुढे होता. मुळाशी पोचलेला माणूस तिथे चर खणतो. इथे चर नव्हता. ओळ संपली आणि वर जांभ्याचं कवच सुरू झालं, आपल्या कोकणात असतं तसंच, लाल, कठीण. गारगोटीची शीर कुठे दिसेना. आजोबांनी मेटल डिटेक्टर फिरवला तर जांभ्यातल्या लोखंडाने तो एकसारखा किंचाळायला लागला. त्यांनी तो बंद करून झाडाला टेकवला आणि थाळी मागितली.

कवचाच्या अगदी खालच्या कडेची, लोखंडी खड्यांची माती आम्ही चाळली आणि गाडीतल्या टबात धुतली. थाळी गोल फिरवणारे ते हात बघत मुलगा म्हणाला, “आमच्याकडे वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझारी लोक असंच धुवायचे, पण लाकडाच्या थाळीत. आजीने पाहिलेले.” मी ते आजोबांना सांगितलं. त्यांनी कुठलं लाकूड, किती खोल, कडा कशी, असं बारकाईने विचारलं, आणि मुलाने आजीला फोन करून विचारायचं कबूल केलं.

थाळीच्या कडेला काळ्या रेतीमागे पिवळे कण राहिले. बारीक, पण भिंगाखाली त्यांच्या कडा खरबरीत होत्या. लांबून वाहत आलेलं सोनं घासून गुळगुळीत होतं. हे लांबून आलेलं नव्हतं. तो माणूस बरोबर जागी पोचला होता, आणि तिथून परत गेला होता.

का, याचं माझं उत्तर भूशास्त्राचं आहे. इथले खडक सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचे, आणि त्यांचा वरचा भाग फार खोलवर कुजलेला. खारं, आम्लधर्मी भूजल सोनं हळूहळू विरघळवतं, वरच्या पांढऱ्या मातीतून काढून खाली नेऊन सोडतं. त्यामुळे जांभ्याच्या कवचात थोडं सोनं उरतं, त्याखाली कित्येक मीटर जवळजवळ काहीच नाही, आणि मग खाली पुन्हा सोनं. कवच फोडून त्याने चाचणीचा खड्डा घेतला असता तरी त्याला रिकामी माती लागली असती. तो चुकला नव्हता. त्याला जे दिसू शकत नव्हतं ते जमिनीच्या पोटात होतं. आजोबांना हे पटलं, पण त्यांनी आपलं एक कारण जोडलं, “उन्हाळा आला असेल. पाणी संपलं की कितीही खात्री असली तरी माणूस निघतो.” मला तेही तितकंच खरं वाटतं.

परतायला उशीर झाला. ठरल्या वेळचा फोन मात्र उतारावरूनच केला होता.

प्रयोगशाळेचा निकाल आला तेव्हा त्या कडेच्या मातीत आजूबाजूपेक्षा कितीतरी पट सोनं होतं, आणि आम्हाला तिथे ड्रिलिंगची परवानगी मिळाली. परवानगीआधी मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींबरोबर वारसास्थळांची पाहणी झाली. आराखड्यात ड्रिल मशिनची जागा नेमकी मधल्या ओळीवर पडत होती. बुलडोझरने ती सपाट केली असती तर तो त्रिकोण मिटला असता. मी मशीन उताराच्या दुसऱ्या बाजूला न्यायला सांगितलं. भोक तिरकं जातं, कोन बदलला की तीच जागा गाठता येते. सुपरवायझरने थोडी कुरकुर केली, मग खड्ड्यांपाशी स्वतः येऊन बघितलं आणि मशीन हलवलं.

वरची पांढरी माती अपेक्षेप्रमाणे रिकामी गेली. तिच्याखाली गारगोटी आणि माक्षिकाचा (लोखंड-गंधकाच्या खनिजाचा) एक अरुंद पट्टा लागला, आणि त्यात सोनं होतं. खाण काढण्याइतकं नाही. पण शीर तिथेच होती जिथे तो त्रिकोण बोट दाखवत होता.

हवाई छायाचित्रांत त्याच टेकडीच्या उत्तर उतारावर अशाच दोन ओळी दिसत आहेत. यापुढे नमुन्यांची जाळी आखण्याआधी उतार पायी फिरून जुने खड्डे टिपायचे, हे मी कामाच्या पद्धतीत लिहून दिलं आहे. तो मुलगा यावर प्रकल्प करणार आहे, आणि आजोबांनी पुढच्या मोसमासाठी होकार दिला आहे.