फळ्याचा डावा अर्धा भाग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या आपल्या गणिताच्या बाई. गॅदरिंग, सहली, खो-खोचा संघ यांवर इतर लिहितीलच. मी बाईंवर लिहितो.

बारावीला डेरिव्हेटिव्हची, म्हणजे फलन (फंक्शन) कोणत्या दराने बदलतं ते सांगणारी, सूत्रं सगळ्यांची तोंडपाठ झाली होती. एका शनिवारी बाईंनी फळ्याच्या डाव्या बाजूला एक पॅराबोला, म्हणजे वाटीसारखी वक्र रेघ, काढला. एक्स-अक्षाला उणे १ आणि १ वर छेदणारा, मध्ये शून्यापाशी उणे ३ पर्यंत खाली गेलेला. म्हणाल्या, "हा फलनाचा नाही, त्याच्या डेरिव्हेटिव्हचा आलेख आहे. सांगा, मूळ फलन कुठे वाढतंय?" वर्ग एका सुरात म्हणाला, शून्याच्या उजवीकडे, रेघ तिथूनच चढते! बाई रागावल्या नाहीत. "चढते की उतरते ते मागाहून. आधी ती अक्षाच्या वर आहे की खाली, ते बघा."

वर असेल तिथे फलन वाढतं, खाली असेल तिथे घटतं. म्हणजे शून्यापासून एकपर्यंत रेघ चढत होती तरी फलन उतरतच होतं, उतार तेवढा सौम्य होत होता. उणे १ ला रेघ अक्ष ओलांडून खाली येते, तिथे फलनाचं शिखर. १ ला ती वर जाते, तिथे तळ. शून्यापाशी उतार सर्वांत तीव्र. मग बाईंनी अक्षाला नुसता टेकून परत वर जाणारा पॅराबोला काढला. तिथे शिखरही नाही, तळही नाही. आणि फलन किती उंचीवर आहे हे या आलेखावरून कधीच कळत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

तास संपला तेव्हा बाईंनी आकृतीभोवती चौकट आखून 'पुसू नये' असं लिहिलं. पुढच्या तासाला मराठीच्या सरांनी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर कविता शिकवली. मधल्या सुट्टीत आम्ही डबे घेऊन त्या आकृतीपुढेच वाद घालत बसलो. असा मान दुसऱ्या कुणाच्या आकृतीला मिळालेला मी पाहिला नाही.

पुढे पाटबंधारे खात्यात अभियंता झालो. धरणातली आवक वजा विसर्ग म्हणजे साठ्याचा डेरिव्हेटिव्हच. पावसाळ्यात कोयनेची आवक ८० हजार क्युसेकवरून (सेकंदाला घनफूट) ४० हजारांवर आली, की नदीकाठच्या लोकांच्या जिवात जीव येतो. पण विसर्ग १७ हजारच असेल, तर दिवसाला जवळजवळ २ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाढतच असतं, आणि धरणाची क्षमता आहे १०५ टीएमसी. आवक उतरतेय म्हणून साठा उतरत नाही. नव्या सहकाऱ्यांना हे समजावताना मी बाईंचेच शब्द वापरतो.

आता वर्गात डिजिटल बोर्ड आलेत, आलेख क्षणात उमटतो आणि क्षणात जातो, याची मला खंत वाटते. महोत्सवात बारावीचा एक तास मला द्यावा, ही विनंती. कोयनेच्या एका पावसाळ्याचे आवक-विसर्गाचे आकडे घेऊन येईन. फळा मात्र खडूचा हवा.